पांढऱ्या उजेडाचा हिवाळा

धुकं परत आलंय. आमच्या भिवंडीत धुकं एकटं कधी येत नाही. खाडीकडून ओल येते, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या चिमण्यांचा धूर येतो, काल्हेरच्या गोदामांपुढे रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांची धूळ येते, वीटभट्ट्या पेटल्या की त्यांचा राखाडी वास येतो, आणि हे सगळं मिळून सकाळी सहाला रस्त्यावर असं बसकण मारतं की उठायचं नाव नाही. लोक म्हणतात थंडी पडली. कसली डोंबलाची थंडी? स्वेटर घालावा तर घाम, काढावा तर खोकला. तरी मला हा मोसम आवडायचा. आवडायचा म्हणतोय, कारण गेल्या मार्गशीर्षापासून तो मला नकोसा झालाय.

परवा दुकान उघडत होतो तेव्हा ताईचा फोन आला. माझं चष्म्याचं दुकान आहे, डोळे तपासून नंबरही काढून देतो. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, गणेशपुरीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. म्हणाली, "सुध्या, यांनी जीप इकायला काढली हाय. रविवारी मानूस येतंय न्यायला. तू ये. त्यांच्या जवल कोनतरी बसाया पायजे."

भावोजींनी त्या जीपवर सगळी उमेदीची वर्षं काढली. वज्रेश्वरी, गणेशपुरी, आसपासची गावं, आश्रमात येणारी माणसं, बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या, बाळंतपणाच्या बायका, सगळी त्या जीपमधून गेली. ती वर्षभर अंगणात उभी होती, कारण भावोजींना वाटत होतं की त्यांचे डोळे गेले. त्यांचे डोळे गेलेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही त्यांच्या नाकावर चष्मा मीच चढवलाय. रविवारी जीप गेली की हे सांगण्यात काही अर्थ उरणार नव्हता.

कुठून सांगू? गाडीपासून सांगतो.

माझी गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. ठाण्याच्या एका डॉक्टरकडून घेतली तेव्हाच तिचं वय लग्नाचं झालं होतं. भिवंडीच्या खड्ड्यांतून स्पोर्ट्स कार चालवणारा मी एकटाच येडा, असं माझा मित्र मुबीन म्हणतो. खरंय त्याचं. पण दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा स्वतःसमोर मोकळा रस्ता दिसावा असं वाटलं, तर त्यात काय चुकलं? दर शनिवारी संध्याकाळी मी ताईकडे जायचो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं, त्यात पेरलेला वाल, पेंढ्याच्या उडव्या. वाल फुलावर असला की खिडकीतून एक कच्चा हिरवा वास येतो. त्या वासासाठी मी काच उघडी ठेवायचो आणि घरी येऊन शिंकत बसायचो.

गाडीचे दिवे हॅलोजनचे होते. पिवळे, मऊ, थोडे आळशी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला त्यांची काही तक्रार नव्हती. मग हळूहळू वाटायला लागलं की रस्ता लवकर संपतो. खड्डा दिसतो, पण आपण त्यात गेल्यावर. कडेने चालणारा माणूस एकदम उगवतो. मी म्हणालो, दिवे मेले. पन्नाशी ओलांडली की त्याच रस्त्यावर त्याच माणसाला जास्त उजेड लागतो, आणि समोरून झगझगाट आला तर डोळा जागेवर यायला जास्त वेळ लागतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तोंडपाठ आहे मला. पण माझ्या दुकानातल्या तपासणीच्या खुर्चीत मी स्वतः कधी बसलो नाही. दोष दिव्यांवर ढकलला आणि एलईडीचा सेट घेऊन आलो.

मुबीन माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या आजोबांपासून भिवंडीतल्या नारपोलीत यंत्रमाग आहेत, आम्ही लूम म्हणतो. माणूस कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतो, आणि चिडला की हिंदीत जातो. गाड्यांचं वेड त्याला माझ्याहून जास्त, फक्त तो ते लपवतो. शुक्रवारी लूम बंद असतात. ज्यांनी नारपोलीत आयुष्य काढलंय त्यांना विचारा, लूम चालू असतात तेव्हा कानाला काही वाटत नाही, बंद पडले की कान दुखतात. त्या शुक्रवारी दुपारी शेडचं शटर खाली ओढून आम्ही गाडी आत घेतली. रुईचा भुरका सगळीकडे बसलेला, तेलाचा वास, आणि ती शांतता. मला आत शिरल्या शिरल्या बरं वाटलं नव्हतं. आता असं म्हणणं सोपं आहे, पण खरंच नव्हतं.

मुबीनने जुना बल्ब काढून हातात धरला. म्हणाला, "सुधाकर, ऐक. आतली ही वाटी ह्या बल्बच्या तारेसाठी बनवलेली आहे. हिच्यात दुसरं काही बसवलं तर बसतं. पण उजेड मग हिचं ऐकेलच असं नाही."

"तू बसव रे."

"बसवतो. फिर मत बोलना."

काम त्याने मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. एलईडीच्या चिपा वरखाली नकोत, डाव्या-उजव्या बाजूला हव्यात, म्हणून त्याने तीनदा बल्ब फिरवून बसवला. मग दिवे लावले. समोरची भिंत तेलाने आणि भुरक्याने इतकी काळी झालेली की उजेड कुठे संपतो तेच कळेना. पडदा हवा होता. आणि पडदा तर गाडीतच होता.

हे जरा समजावून सांगतो. भिवंडीत रिकामी गाडी कुणी नेत नाही. तुम्ही लग्नाला निघा की मर्तिकाला, कुणीतरी विचारतंच, कुठे चाललास, मग जाताना एवढं घेऊन जा. ताईच्या शेजारच्या गावात काही बायका मिळून कापडी पिशव्या शिवतात. त्यांना मुबीनच्या लूमचं कोरं कापड लागतं. मी दर शनिवारी तिकडे जातो म्हटल्यावर त्यांचे जडशीळ ताके माझ्या डिकीत. स्पोर्ट्स कारच्या डिकीत ताके बघून कुणाला हसू येईल, पण आमच्या गावात तेच शहाणपण. त्याही शुक्रवारी आठ ताके डिकीत पडलेले होते, दुसऱ्या दिवशी पोचवायचे म्हणून.

आम्ही ते आठही बाहेर काढले. एक उलगडून भिंतीवर टांगला, बाकीचे सात शेजारी रचले आणि त्यांच्यावर बसून चहा प्यायलो. मुबीनने कापड मोजायच्या गजाने दिव्याची उंची घेतली, पडद्यावर खडूने आडवी रेघ मारली, आणि तिच्या चार बोटं खाली दुसरी. "ह्या रेघेच्या वर उजेड जाता कामा नये," तो म्हणाला. "वर गेला की समोरच्याच्या डोळ्यात." स्क्रू फिरवत फिरवत त्याने दोन्ही दिवे त्या रेघेवर आणून ठेवले. रेघेच्या खाली लख्ख पांढरं, वर काळोख. मी डोळे तपासणारा माणूस, इतकी नेटकी रेघ बघून मला भरून आलं.

मग आम्ही खडू झटकला, ताका गुंडाळला, आठही ताके पुन्हा डिकीत घातले, आणि मी घरी गेलो. आपण काय विसरलो ते आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढचे तीन शनिवार मी राजासारखी चालवली गाडी. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसायचा. वालाच्या पानावरचं दव दिसायचं. अंबाडीकडून वज्रेश्वरीकडे वळलं की गावातली माणसं कडेने घराकडे चाललेली असतात, डोक्यावर भारे, हातात कोयते. ती मला बघून हात वर करायची. आधी एक, मग दुसरा, मग एका ओळीत चार बायका. कपाळापर्यंत हात नेऊन. मला वाटलं, चला, इतकी वर्षं जातोय, लोक ओळखायला लागले. मीही काचेतून हात वर करायचो. एकदा तर मान लववली.

पण काही गोष्टी मनाला टोचायच्या, त्या मी बाजूला सारल्या. एक बैलजोडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि गाडीवान ओढत राहिला तरी हलेना. एक म्हातारी भारा घेऊन कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली, मी पुढे जाईपर्यंत. एक कुत्रा पळायचं सोडून दिव्यांकडे बघत जागच्या जागी राहिला, त्याला चुकवताना माझं चाक खडीत गेलं. आणि धुकं. पिवळा उजेड धुक्यात शिरायचा, हा शिरायचाच नाही. समोर पांढरी भिंत उभी राहायची आणि तो तिच्यावरून माझ्याच तोंडावर परत यायचा. मी म्हणायचो, हिवाळा संपला की ठीक होईल. माणसाला एखादी गोष्ट आवडली की तो तिच्या वतीने किती कारणं देतो.

भावोजींबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांना त्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी दिव्यांवरून ओळखता यायची. एसटीचे दिवे उंच आणि लांब लांब. दूधवाल्याच्या टेंपोचा डावा दिवा मेलेला. आश्रमाकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या सगळ्यात चकचकीत. आणि सुधाकरचे दिवे बुटके, पिवळे. मी समोरून येताना दिसलो की ते एकदा डावा, एकदा उजवा इंडिकेटर घालायचे. तो आमचा रामराम. मीही तसंच करायचो. मी दिवे बदललेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या तीन शनिवारी आमची रस्त्यात गाठच पडली नाही. घरी पोचल्यावर दाखवीन म्हणायचो, आणि गप्पांत राहून जायचं.

चौथ्या शनिवारी दुकानात एका गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं होतं. फ्रेम आवडत नाही, मग काच आवडत नाही, मग मीच आवडत नाही. निघायला उशीर झाला, डोकं तापलेलं. तिन्हीसांजेला मी ओढ्यावरच्या मोरीजवळ, त्या छोट्या पुलाजवळ होतो. धुकं नुकतंच खाली उतरत होतं, वीटभट्टीचा धूर त्यात मिसळलेला. समोरून एक गाडी आली आणि तिने डिप्पर मारला. म्हणजे, दिवा खाली घे. मी खालीच होतो. तिने पुन्हा मारला, पुन्हा. माझं टाळकं सरकलं. अरे बाबा, मी डिप्परवरच आहे, दिसत नाही का तुला? आणि गाडी चालवणारा प्रत्येक माणूस जे करतो तेच मी केलं. माझा अप्पर, वरचा झोत, कसा असतो ते त्याला दाखवलं. एकदा. दोनदा. हे बघ, याला म्हणतात अप्पर.

समोरचे दिवे थोडे हलल्यासारखे वाटले. मग मी मोरी ओलांडून पुढे आलो. आरशात धुक्याशिवाय काही नव्हतं. मी आणखी दोन शिव्या घातल्या आणि काच वर केली.

ताईच्या आधी पिशव्या शिवणाऱ्या बायकांची शेड लागते. मी गाडी शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली, दिवे चालूच ठेवले, कारण त्यांच्याकडे वीज गेली होती. उजेड भिंतीवर पार वर, कौलांच्या खाली जाऊन पडला होता. बायका डिकीतून ताके काढायला लागल्या. पहिला ताका निघाला आणि भिंतीवरचा उजेड बोटभर खाली आला. मला वाटलं भास झाला. दुसरा निघाला, आणखी खाली. तिसरा, चौथा. मागचं वजन कमी होत होतं, मागची बाजू वर उठत होती, गाडीचं नाक खाली येत होतं, आणि त्याच्याबरोबर तो पांढरा उजेड भिंतीवरून पायरी पायरीने उतरत होता. आठवा ताका निघाला तेव्हा तो माणसाच्या कमरेइतका खाली होता. नारपोलीत आम्ही दिवे नेटके लावले होते, अगदी नेटके. पण रिकाम्या गाडीचे. आणि माझी गाडी त्या रस्त्यावर जाताना रिकामी कधीच नसायची.

मी तिथेच उभा राहिलो. शेवटचा ताका खांद्यावर घेतलेली मावशी हसत म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी आली का आमी डोल्यांवर हात धरताव. कायच दिसत न्हाय बघा मानसाला. तुमी तं वरून हात हालवता." बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. मोरीवर माझ्यासमोर कोण होतं हे माहीत नव्हतं. मी दिवे बंद करून, पार्किंगच्या मिणमिणत्या उजेडात, चालत्या माणसाच्या वेगाने ताईच्या घरापर्यंत गेलो. ताईने चहा टाकला. "हे येतीलच आता," ती म्हणाली. "आज पाशिंदर कमी होतं." आम्ही वाट बघत बसलो. अंगणात वालाच्या शेंगा पसरलेल्या होत्या. चहा निवला, त्यावर साय आली. मी जीपचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि मनात म्हणत होतो, दुसरं कुणी असू दे. देवा, दुसरं कुणीही असू दे. असं मागणं मागितलं मी. मग शेजारचा माणूस धावत आला, जीप मोरीवरून खाली गेलीय म्हणून.

मेलं कुणी नाही. एका बाईच्या कपाळाला टाके पडले, दुसरीचा हात मुरगळला, भावोजींचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधल्या खाटेवर ते छताकडे बघत पडले होते. मला बघितल्यावर म्हणाले, "सुधाकर, समोरून कायतरी पांढरं आलं रं. मंग कायच दिसला न्हाय. रस्ताच गेला. माजं डोलं गेलं वाटतं."

तेव्हा सांगायचं. तेव्हाच. मी म्हणालो, "बरे झालात की दुकानात या. बघतो."

दुसऱ्या दिवशी मी मुबीनकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्याने पाना घेतला आणि दोन्ही एलईडी काढून जुने बल्ब परत बसवले. हात पुसत म्हणाला, "डिकी मीही नाही बघितली. गलती दोघांची. पण बोल दे यार. जितका थांबशील तितकं जड होईल." मी हो म्हणालो. मुबीनला मी आयुष्यात इतक्या वेळा हो म्हणालोय.

हाड जुळल्यावर भावोजी दुकानात आले, धुतलेला सदरा घालून, देवळात आल्यासारखे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, तक्ता दाखवला. शेवटची ओळ त्यांनी एका दमात वाचली. दुसऱ्या डोळ्यानेही. साठी उलटलेल्या माणसाची इतकी स्वच्छ नजर मी क्वचित पाहिलीय. आणि ते मान वर करून माझ्याकडे बघत होते, मी काय सांगतो म्हणून.

डोळे चांगले आहेत म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग त्या दिवशी काय झालं? मी वही ओढून पेन उघडलं. मी म्हणालो, "पाव नंबर आलाय." पाव नंबर म्हणजे काय? काहीच नाही. खिडकीची काच लावून दिली तरी तेवढाच फरक, म्हणून मी साधी काचच बसवली. वर शहाणपणा केला, "संध्याकाळची जीप नका चालवू." भित्रेपणा. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

ते म्हणाले, "संध्याकालची न्हाय तं सकालची पन न्हाय. मानसांचा जीव हाय, सुधाकर." आणि दाराबाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आभार मानले त्यांनी माझे.

मग ते वर्ष. दुरुस्त होऊन आलेल्या जीपखाली कोंबड्या बसायला लागल्या. बॉनेटवर ताई वालाच्या शेंगा सुकत टाकायची. गावातल्या बायका ज्या आधी त्यांच्या जीपसाठी तासभर थांबायच्या, त्या एसटीने जाऊ लागल्या. एकीने मला सांगितलं, त्यांना दिसत न्हाय ना आता. मी जायचो तेव्हा भावोजी ओट्यावर बसलेले असायचे. संध्याकाळी लांब रस्त्यावर दिवे दिसले की पटकन बोलून जायचे, "वाड्याची एसटी." आणि लगेच चष्मा काढून पुसत म्हणायचे, "असंल. आता माज्या नजरंचं काय खरं हाय?" ती वाड्याचीच एसटी असायची. प्रत्येक वेळी असायची. मी शेजारी बसून वालाची शेंग सोलत राहायचो. पावसाळा गेला, भात कापून झालं, पेंढा रचून झाला. आणि एका सकाळी दुकानासमोरचा विजेचा खांब धुक्यात दिसेनासा झाला, तेव्हा मला कळलं की वर्ष झालं.

आज रविवार. सकाळी सातला निघालो. डिकी रिकामी. पिवळे दिवे धुक्यात चाचपडत होते आणि मी त्यांच्या मागे. मोरीचा कठडा नवीन बांधलाय, तेवढा तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो. तिथे माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

पोचलो तेव्हा घेणारा माणूस आला होता. शहापूरकडचा, डोक्याला मफलर, हातात चहाची बशी. भावोजी त्याला जीपचं एकेक अंग दाखवत होते. क्लच नवीन हाय. सेकंड गियरला जरा थांबाया लागतं. लेक सासरी देताना बाप जसा बोलतो तसं चाललं होतं. ताई दारात उभी होती. मी ठरवून आलो होतो की आधी बसू, चहा घेऊ, मग बाजूला घेऊन बोलू. पण बसलो असतो तर पुन्हा शेंगा सोलत राहिलो असतो.

"भावोजी, जीप विकू नका," मी उभ्या उभ्याच म्हणालो. "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

ते हसले. "झालं न्हाय म्हंजे चष्म्यानी बरं हाय."

"चष्म्यात काही नाही. साधी काच आहे. मोरीवर समोरून आली ती गाडी माझी होती."

त्यांना कळायला वेळ लागला. म्हणाले, "तुजं दिवं तं पिवलं हायेत."

"तेव्हा बदलले होते. पांढरे घातले होते. मागे ताके भरलेले, उजेड वर जात होता. तुम्ही डिप्पर मारलात तर मी रागाने अप्पर दिला. नंतर काढून टाकले. तुम्ही दुकानात आलात तेव्हा मला सगळं माहीत होतं."

घेणाऱ्या माणसाने बशी हळूच ओट्यावर ठेवली. ताई दारातून हलली नाही. भावोजींनी चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंग वरीसभर मी घरात कशाला बसलो?"

खरंच विचारत होते ते. उत्तर हवं होतं त्यांना.

ते जीपकडे गेले, दार उघडून आत बसले. चावी फिरवली. वर्षभर उभी असलेली गाडी, विकायची म्हणून बॅटरी भरून आणलेली, दोनदा खोकून चालू झाली. मी म्हटलं, देवा, निघू दे यांना. एक चक्कर मारून येऊ दे. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर बघितलं. समोर धुकं होतं, आणि त्यात रस्ता. क्लच दाबलेला मला दिसत होता. गियरवर हात गेला आणि तिथेच थांबला. कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले, इंजिन चालू. मग त्यांनी चावी उलटी फिरवून इंजिन बंद केलं.

खाली उतरून त्यांनी चावी त्या माणसाच्या हातात दिली. मला म्हणाले, "डोलं हायेत रं. पन आता भ्या बसलंय. ते न्हाय जायाचं."

त्या माणसाला डांबरी रस्त्यापर्यंतची वाट धुक्यात कळेना. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला शेताचा उतार. तो म्हणाला, जरा उजाडू दे नीट, मग निघतो. भावोजी म्हणाले, "उजाडलंय. मी दावतो, चल." आणि ते जीपच्या पुढे चालायला लागले, उघड्या डोळ्यांनी, एकदाही न अडखळता. इथं वल. आता डावीकडं. खड्डा हाय, हलू. जीप त्यांच्या मागून, त्यांच्या चालीने जात होती. डांबरी रस्ता आला तेव्हा त्यांनी हाताने अंबाडीची दिशा दाखवली आणि बाजूला झाले. तो माणूस दिवे लावून गेला. भावोजी तिथेच उभे राहिले. मी वळून घराकडे बघितलं, तर ताईने दार आतून लावून घेतलं होतं.